ताई, तुमच्या जिभेवरचा पुदिना

ताई,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं होतं. समोर टेबलावर तुमचा फोटो, मागं बुद्धमूर्ती आणि बाबासाहेब, आणि मांडवात लातूरची ती सगळी गल्ली. तुमच्या मेसच्या मुली पुढच्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या. "आता धाकट्या जाऊबाई दोन शब्द बोलतील," असं कुणीतरी पुकारलं. मी पंचवीस वर्षं वर्गात उभी राहून बोलणारी बाई. माईक हातात घेतला, "ताई" एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं, मांडवाशी नव्हतं. म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तर नांदेडच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय.

आपण दोघी जावा. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला सासरच्या घरात नऊ वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघर तुमचं होतं. मी एम.एस्सी. झालेली, विज्ञानाची शिक्षिका. गॅसजवळ गेले की काहीतरी करपायचंच. पहिल्या बुद्धपौर्णिमेला मी हौसेनं खीर केली, ती बुडाला लागली. तुम्ही पळीनं तो काळा थर खरवडत सगळ्यांसमोर म्हणालात, "नाव सुजाता, अन् खीर येईना! बुद्धाला उपाशीच ठेवलं असतंस गं तू." सगळे हसले. मीही हसले, पण ते मनात ठेवलं. पुढं भाऊजींची बदली लातूरच्या एसटी वर्कशॉपला झाली आणि तुम्ही तिकडं गेलात. बाहेरगावाहून क्लाससाठी आलेल्या पोरी वडापाव खाऊन दिवस काढताना पाहिल्यात आणि घरातच त्यांना जेवायला घालायला लागलात. आधी पाच मुली होत्या. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या, धाकट्या बहिणी आल्या, आणि बघता बघता तुमची मेस पन्नास मुलींची झाली. भेट झाली की तुम्ही मला चिडवायचात. "काय गं, आज कोणता प्रयोग जाळलास?"

मग आमचं नांदेडचं घर बांधून झालं. गृहप्रवेशाला तुम्ही दोन दिवस आधी आलात, स्वतःची मोठी पातेली जीपमध्ये घालून. दोनशे माणसांचा स्वयंपाक तुम्ही एकटीनं उभा केलात. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका जेवायला बसल्या होत्या. वरणाचा पहिला घास घेतला आणि मान वर करून मला म्हणाल्या, "सुजाताबाई, काय चव आहे हो! कुणाला सांगितला स्वयंपाक?"

मी म्हणाले, "लातूरहून बोलावलंय एका बाईंना. मेस चालवतात त्या."

शब्द पाहिले तर एकही खोटा नव्हता. 'माझ्या थोरल्या जाऊबाई' एवढंच मी गाळलं. तुमच्या साडीला हळद लागली होती, पदर खोचलेला, कपाळावरचा घाम तुम्ही मनगटानं पुसत होतात, आणि मला लाज वाटली. मागं वळले तर तुम्ही वरणाची बादली घेऊन उभ्या. पुढं आलात, बाईंच्या ताटात वरण वाढलंत. "घ्या की मॅडम, लाजू नका." संध्याकाळपर्यंत सगळी भांडी घासून घेतलीत, आणि पातेली जीपमध्ये चढवून निघून गेलात.

भांडण काही झालं नाही. त्यानंतरही तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला आलात, साडी-चोळी केलीत, माझ्या आजारपणात डबा पाठवलात. फक्त एक बदललं. तुम्ही मला चिडवायचं सोडलं. त्यावरून मला कळलं, की तुम्ही ऐकलं होतं.

अशी आठ वर्षं गेली.

मागच्या वर्षी तुमच्या दुखण्याचं निदान झालं. नांदेडच्या दवाखान्यात तारीख लवकर मिळाली, आमचं घर तिथून जवळ, तुमचा राहुल हैदराबादला नोकरीत अडकलेला. भाऊजींनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. "सुजाता, हिला तुझ्याकडं आणू का?" मी हो म्हटलं. तुम्ही आलात, हातात एकच पिशवी. उंबऱ्याजवळ चप्पल काढताना म्हणालात, "त्रास देऊन राहिले गं तुला." मी तुमच्या हातातली पिशवी घेतली.

पहिल्या केमोनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तुमची चव गेली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि होणं वेगळं. मी वरणभात दिला, तुम्ही घास तोंडात घोळवलात आणि खाली ठेवलात. "तोंडात नुसतं लोखंड हाय." फोडणीचा वास आला की तुम्हाला मळमळायचं, म्हणून आमच्या घरात फोडणी बंद झाली. आम्ही तिघं उकडलेलं खाऊ लागलो. तुम्ही कुरकुर केली नाहीत, पण एकदा दुपारी मी शाळेतून आले तर तुम्ही मिठाची बरणी मांडीवर घेऊन बसल्या होतात. चिमूट जिभेवर ठेवत होतात, थांबत होतात, पुन्हा ठेवत होतात. मला पाहून बरणीचं झाकण लावलंत.

"मीठ बी कळंना," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं पोरींना जेवू घातलं. आता माझ्या हातात काय ऱ्हायलं, सांग बरं?"

मी म्हटलं, चव परत येते ताई, सगळ्यांची येते. तुम्ही मान हलवलीत, मुलं फळ्याकडं बघून हलवतात तशी.

पुदिना सापडला तो असा. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात तुम्हाला उमासे येत होते, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पेपरमिंटची गोळी दिली. तुम्ही ती तोंडात टाकलीत आणि एकदम माझा हात धरलात. "सुजाता, हे कळालं! गोड न्हाई कळालं, पण गार कळालं." तुमचे डोळे इतके मोठे झाले होते की सलाइन बघायला आलेली सिस्टर हसली. घरी येताना तुम्ही रिक्षा थांबवून भाजीवालीकडून पुदिन्याची जुडी घेतलीत आणि वाटभर पानं चघळत बसलात.

नुसती पानं खाऊन अंगात काय जाणार? वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, जे जाईल ते द्या. त्या दिवशी मी मोबाइलवर शोधत बसले आणि मला सापडलं, चॉकलेट-मिंट कुकीज, घरच्या घरी, ओव्हनशिवाय. चॉकलेटनं पोटात काहीतरी जाईल, पुदिना तुम्हाला कळेल. तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "कुकी म्हंजे काय? बिस्किटच ना?"

"बिस्किटच."

"मग बिस्किट म्हण की."

पहिला घाणा मी एकटीनं केला, तुम्ही झोपल्या असताना. मैदा, कोको, लोणी, पिठीसाखर, सगळं लिहिल्याप्रमाणे. पुदिना मात्र मी मिक्सरमधून वाटून घातला. जे तयार झालं ते हिरवट-काळं आणि टणक होतं आणि घरभर पाणीपुरीच्या गाडीसारखा वास सुटला. तुम्ही उठून आलात, एक उचललंत, नाकाशी नेलंत. "सुजाता, ह्याच्यावर कांदा कापून टाक. कोथिंबीर बी टाक." आणि हसायला लागलात. तुमच्या डोक्यावरचा रुमाल सरकला, तरी तुम्ही हसतच होतात. आठ वर्षांनी तुम्ही मला चिडवलंत. मला वाटीत तोंड घालून रडावंसं वाटलं, पण मी म्हणाले, "कांदा महाग झालाय."

दुसऱ्या घाण्याला मी बाजारातून पेपरमिंट इसेन्सची बाटली आणली आणि चमचाभर ओतली. तो घाणा कुणालाच खाता आला नाही. आमचे हे म्हणाले, सर्दी झाली की छातीला चोळायला ठेवून दे. तुम्ही मात्र एक अख्खं खाल्लंत, डोळ्यांतून पाणी काढत. मग म्हणालात, "उद्या मी बसते समोर. तुझ्या पुस्तकानं काही होत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलात, नाकावर पदर धरून. तिथून हुकूम. पुदिन्याची पानं वाटायची नाहीत. लोणी मंद आचेवर वितळवायचं, त्यात पानं अख्खी टाकायची, गॅस बंद करून झाकून ठेवायची, मग गाळून घ्यायचं. लोणी थंड होऊन थिजलं की साखरेबरोबर फेटायचं. मी फेटत होते आणि तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगत होतात. "अजून न्हाई. अजून जड हाय. आता झालं, थांब." इसेन्सवरून आपलं वाजलं. तुम्ही म्हणालात, बाटलीतलं घालू नको. मी म्हणाले, नुसत्या पानांनी गार लागणार नाही, गार करणारा पदार्थ वेगळा असतो, तो या पानात कमी असतो. "मला केमिस्ट्री नको शिकवू," तुम्ही म्हणालात. शेवटी दोन थेंबांवर तडजोड झाली. मोठ्या कढईत जाड मीठ, त्यावर कुकरची जाळी, जाळीवर तूप लावलेली ताटली, वर घट्ट झाकण. पंधरा मिनिटांनी मी झाकण उचललं आणि म्हटलं, मऊच आहेत, अजून ठेवते.

"काढ! मऊ हाय तवाच काढायचं. गार झालं की आपोआप धरतं. पहिल्या दोन खेपेला तू ह्याच्यामुळंच दगड केलेस."

बाहेर काढले. थंड होईपर्यंत तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. मग पहिलं बिस्किट माझ्याच हातात दिलंत. "खा. अन् सांग."

"छान झालंय, ताई."

"छान म्हंजे काय? पेपरात पोरीनं उत्तराच्या जागी 'छान' लिहिलं तर मार्क देशील का तू?"

मी पुन्हा एक तुकडा खाल्ला. डोळे मिटले. मला सांगता येईना. इतकी वर्षं मी जेवत होते, पण काय खाते याकडं माझं लक्षच नव्हतं. वर्तमानपत्र वाचत, वह्या तपासत, घड्याळ बघत जेवलेली बाई मी. तुम्ही थांबलात. घाई केली नाहीत.

"आधी कडू येतं," मी म्हणाले. "कोकोचं. मग गोड, पण ते मागून, दाताखाली आलं की. आणि गिळल्यावर श्वास आत घेतला की गार."

"किती गार?"

"माठातल्या पाण्याइतकं."

"मग पुदिना कमी पडला. अजून मूठभर पानं पाहिजेत. अन् कडू आधी येतंय तर चिमूट मीठ टाक, कडू मागं सरकतं."

तुमच्या जिभेला काही कळत नव्हतं आणि माझ्या शब्दांवरून तुम्ही पदार्थ दुरुस्त करत होतात. पुढच्या घाण्यात मूठभर पानं आणि चिमूट मीठ टाकलं. ते बिस्किट तुम्ही तोंडात ठेवलंत आणि सावकाश चावलंत. मग तोंडानं श्वास ओढून घेतलात, लहान मूल घेतं तसा. "आलं," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही चार खाल्लीत.

तेव्हापासून आपला क्रमच झाला. मी शाळेतून येणार, तुम्ही खुर्ची टाकून बसणार. बिस्किटांवरून आपण वरणावर आलो, वरणावरून आमटीवर. तुम्हाला वास सोसेल तितपत, खिडक्या उघड्या टाकून. मी चाखायची, तुम्ही विचारायचं. आंबट कुठं लागतं, जिभेच्या कडेला का घशात? तिखट लगेच येतं का थांबून? मला पन्नाशीत जीभ फुटली, ताई. आता माझ्या हातची खीर खाली लागत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही समोरच होतात, तुम्हाला दिसत होतं असं मला वाटायचं.

केमोच्या तिसऱ्या खेपेला मी चूक केली. वॉर्डातल्या नव्या सिस्टरनं मला विचारलं, "ह्या तुमच्या आई का?" तुमचे केस गेलेले, गाल बसलेले, तिचं काही चुकलं नाही. पण मला वाटलं, हीच वेळ आहे. मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझ्या थोरल्या जाऊबाई. लातूरला त्यांची मेस आहे, पन्नास मुली जेवतात. त्यांच्यासारखा स्वयंपाक सगळ्या लातुरात कुणाला येत नाही." शेजारच्या दोन खाटांनीही ऐकलं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

परतताना रिक्षात तुम्ही बोललात, ते पुढच्या आरशाकडं बघत. "कोणाला ऐकवून राहिली व्हतीस?"

"ताई, मी फक्त..."

"तवा तुझ्या मॅडमपुढं सांगायचं व्हतं. तवा माझे केस व्हते. अंगावर नवी साडी व्हती, तुझ्याच गृहप्रवेशासाठी घेतलेली. आता त्या सिस्टरला सांगून मी काय करू?"

साडी नवी होती हे मला त्या दिवशी दिसलंच नव्हतं. मला फक्त हळदीचा डाग दिसला होता.

दोन दिवसांनी भाऊजी येऊन तुम्हाला लातूरला घेऊन गेले. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "पुढच्या खेपेला दवाखान्याजवळ खोली बघावी म्हणते ती. तुला त्रास नको म्हणून." आम्हा दोघांनाही माहीत होतं की कारण ते नव्हतं, पण भाऊजी कधी कुणाच्या मधे पडत नाहीत.

मी रविवारी सकाळच्या एसटीत बसले. मांडीवर बिस्किटांचा डबा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि प्रत्येक स्टँडवर मी वाक्य नवीन जुळवत होते. 'ताई, त्या दिवशी माझं चुकलं' इथून सुरुवात करायची, एवढं ठरत होतं. पुढचं ठरत नव्हतं.

तुमच्याकडं पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मुलींच्या पंगती बसल्या होत्या, सगळ्यांच्या मांडीवर नाहीतर ताटाशेजारी वही. तुम्ही मास्क लावून दारात खुर्चीवर बसल्या होतात आणि आत दोघी बायका भाकरी थापत होत्या. मला पाहून तुम्ही म्हणालात, "आलीस? जेव." बस, इतकंच. मी डबा ठेवायला जागा शोधत होते तेवढ्यात एक मुलगी ताट घेऊन उठली. देवणीची होती, नंतर कळलं. माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "तुम्हीच का एम.एस्सी.वाल्या काकू?"

मी म्हटलं, "कोण एम.एस्सी.वाल्या?"

"नांदेडच्या. आमच्या काकू रोज सांगतात. कुणाला केमिस्ट्रीत अडलं की म्हणतात, रडता कामून, माझी जाऊ एम.एस्सी. हाय, फोन लावू का तिला? पण लावत नाहीत कधी. म्हणतात, ती लई कामात असती."

दुसरी म्हणाली, "मी इथं दोन वर्षं आहे, दोन्ही वर्षं ऐकतेय."

मी तुमच्याकडं पाहिलं नाही. पाहूच शकले नाही. आत गेले, हात धुतले आणि त्या बायकांच्या शेजारी तव्यापाशी बसले. थोड्या वेळानं तुम्हीही आत आलात, भिंतीला टेकून पाटावर बसलात. धूर नव्हता, गॅस होता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी होतं. एसटीत जुळवलेलं वाक्य मी काढलं. "ताई, त्या दिवशी बाईंना मी जे म्हणाले..."

"तव्यावरची जळून राहिली, तिकडं बघ," तुम्ही म्हणालात.

मी भाकरी उलटली. पुन्हा तुमच्याकडं वळले तर तुम्ही एका मुलीला ताक वाढायला सांगत होतात. भाकरी जळत नव्हती, ताई. मी बघितलं ना. तिला नुसता पापुद्रा आला होता. तुम्ही मला अडवलंत. माझी त्यातून सुटका व्हावी म्हणून अडवलंत, का मी त्यात आणखी थोडे दिवस राहावं म्हणून, हे मला कळलेलं नाही. दोन्हींवर तुमचा हक्क होता.

पुढच्या खेपेला तुम्ही आमच्याकडंच उतरलात. रिक्षातून पाय खाली ठेवायच्या आधी विचारलंत, "पुदिना हाय का घरात?"

ते सगळं चांगलं झालं. मग फोनवर आपलं मेसवरून वाजलं, आणि ते भांडण तसंच अर्धं राहिलंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात, गर्दीपासून लांब राहा. मी म्हणाले, मेस सहा महिने बंद ठेवा, पन्नास पोरी रोज बाहेरून येतात, कुणाला सर्दी, कुणाला ताप. तुम्ही म्हणालात, "परीक्षा तोंडावर हाय त्यांची. आता कुठं जातील त्या?"

"दुसऱ्या मेसमध्ये जातील. लातुरात मेस कमी आहेत का?"

"अन् मी कुठं जाऊ?"

"तुम्ही घरी राहा ना, आराम करा!"

"मेस म्हंजेच माझं घर हाय गं. तू शाळा सोडून दे म्हटलं तर सोडशील का?"

"मला कॅन्सर झाला तर सोडीन."

"झाल्यावर सांग," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. तुमच्या माझ्यातलं ते शेवटचं मोठं बोलणं. त्यानंतरचे फोन औषधांचे, तारखांचे. पंधरा दिवसांनी तुम्हाला ताप भरला. लातूरच्या दवाखान्यात दोन दिवस होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत परीक्षेवर होते, मोबाइल कपाटात. बाहेर आले तेव्हा भाऊजींचे सहा फोन येऊन गेले होते.

ताप कुठून आला हे कुणी सांगू शकलं नाही. कुठूनही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र अजून रोज भांडते तुमच्याशी. सकाळी मला वाटतं, माझं बरोबर होतं, मेस बंद केली असती तर तुम्ही आज असता. दुपारपर्यंत वाटतं, मेस बंद केली असती तर तुम्ही पहिल्याच महिन्यात अंथरूण धरलं असतं. त्या पोरी होत्या म्हणून तुम्ही खुर्चीवर तरी बसत होतात. दोन्हीपैकी काय खरं ते ठरत नाही. ठरवायला समोर तुम्ही पाहिजे होतात. तुम्ही मला हरवलं असतं, आणि मला ते चाललं असतं.

आता शेवटचं सांगते, कारण हे तुम्हाला माहीत असणं शक्य नाही.

मागच्या रविवारी भाऊजी आले. न सांगता, एकटे, एसटीनं. मी दार उघडलं तर हातात पुदिन्याची मोठी जुडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चहा घेतला. मग म्हणाले, "सुजाता, ते बिस्किट मला शिकवशील का? पोरींची परीक्षा हाय या आठवड्यात. ती असती तर काहीतरी गोड केलं असतं."

भाऊजींनी आयुष्यात चहाचं आधण ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, मी करून देते, तुम्ही बसा. ते उठून उभे राहिले. "न्हाई. मलाच शिकव. पस्तीस वर्षं तिनं वाढलेलं खाल्लं, पण तिच्याजवळ उभा ऱ्हायलो न्हाई कधी."

मग आम्ही दोघं उभे राहिलो. वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडणारे त्यांचे हात, ते मैद्याला भीत होते. मी सांगितलं तसं त्यांनी लोणी वितळवलं, पानं टाकली, झाकण ठेवलं. कोको मिसळताना वाटी निसटली आणि पांढरा शर्ट तपकिरी झाला. त्यांनी तो पुसला नाही. पहिली ताटली काढायची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, "अजून मऊ हायेत की." मी म्हटलं, मऊ असतानाच काढायचं. त्यांनी निमूट काढली. दुपार गेली, उन्हं उतरली, दोन कढया, घाण्यावर घाणा. त्यांनी एकदाच विचारलं, "ती इथंच बसायची का, दारात?" मी हो म्हटलं. त्यांनी ती प्लास्टिकची खुर्ची थोडी आत सरकवली आणि पुन्हा फेटायला लागले.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ते गेले. तीन डबे, एक मांडीवर आणि दोन पायांशी. मी वर ठेवा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

परवा संध्याकाळी मी फोन केला. "दिले का मुलींना?"

"दिले. परीक्षेला जायच्या आधी."

"काय म्हणाल्या?"

"काही न्हाई. खाल्ले, हात पुसले अन् गेल्या." मग भाऊजी म्हणाले, "तिला तसंच आवडायचं. पोरींनी पोटभर खावं अन् आपल्या कामाला जावं. तारीफ केली की ती चिडायची."

मागं मेसमधली भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. आम्ही दोघं फोन कानाला धरून तसेच बसून राहिलो, ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.

तुमची,
सुजाता